तेलाची पाइपलाइन तोलताना मापात पाप कुठे होतं

पर्यावरण अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "युगांडा ते टांझानिया अशी कच्च्या तेलाची जी पाइपलाइन होते आहे, तिच्यावर मला प्रबंध लिहायचा आहे. कंपनीचं वाचलं की नोकऱ्या, महसूल, रस्ते. विरोधकांचं वाचलं की विस्थापन, तेलगळती, हवामान. दोन्हीकडचे आकडे खोटे वाटत नाहीत. मग प्रस्तावित पाइपलाइनचे आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम तोलायचे तरी कसे?"

आकडे खोटे नसतातच. या कामात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, पाइपलाइनच्या अहवालात धडधडीत खोटा आकडा क्वचित सापडतो. पाप असतं ते मापात. बाजारातल्या जुन्या वाण्यासारखं: घेताना एक शेर, देताना दुसरा. दोन्ही शेरांवर सरकारी शिक्का असतो, म्हणून कोणी उलटून बघत नाही.

माझी ओळख दोन ओळींत. २८ वर्षं पाइपलाइनच्या कामात आहे. पहिली निम्मी मोजणी आणि बांधकामावर गेली, पायात गमबूट आणि काखेत नकाशांची गुंडाळी. नंतरची परिणाम मूल्यांकनाचे अहवाल लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे तपासण्यात. त्यामुळे दोन्हीकडच्या लबाड्या ठाऊक आहेत. एक-दोन मी स्वतः केल्यात.

आधी लाइन काय आहे ते. २००६ मध्ये युगांडात अल्बर्ट सरोवराच्या काठी तेल सापडलं. जमिनीखाली साधारण ६.५ अब्ज पिंपं (बॅरल), त्यातलं वर काढता येईल असं सुमारे १.४ अब्ज. युगांडाला समुद्र नाही. केनियातून लामू बंदराकडे जायचं की टांझानियातून टांगाकडे, हा घोळ बराच काळ चालला आणि एप्रिल २०१६ मध्ये टांगाचं ठरलं. होइमाजवळच्या काबालेपासून टांगाशेजारच्या चोंगोलिआनीपर्यंत १,४४३ किलोमीटर. त्यातले २९६ युगांडात, उरलेले टांझानियात. व्यास २४ इंच, शिखरावर रोज २,४६,००० पिंपं. भागीदारीत फ्रान्सची टोटलएनर्जीज ६२ टक्के, दोन्ही देशांच्या सरकारी तेल कंपन्या प्रत्येकी १५ टक्के, चीनची सीनूक ८ टक्के. गुंतवणुकीचा अंतिम निर्णय १ फेब्रुवारी २०२२ ला झाला. बांधकाम आता इतकं पुढे गेलंय की 'प्रस्तावित' म्हणणं धाडसाचं. पण निर्णयाच्या दिवशी तराजू कसा धरायला हवा होता, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही.

या तेलाचा स्वभाव आधी समजून घ्या, नाहीतर पुढचे आकडे पोकळ वाटतील. ते मेणचट आहे. आपल्या राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला क्षेत्रातलं तेल याच जातीचं. तिथल्या लाइनवर मी दोन हिवाळे काढले. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या माणसानं नमुन्याची बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, उपडी करा. मी घाबरत घाबरत केली. थेंबही हलला नाही. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तसं, फक्त काळं, बूटपॉलिशसारखं. हे तेल ६५ अंशांच्या वर ठेवलं तरच वाहतं. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची २४ इंची लाइन इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेली आहे. तिच्या शेजारून ८ इंचाची गॅसची लाइन जाते आणि वाटेतल्या ठाण्यांवर त्या गॅसवर नळी तापवली जाते. युगांडाची लाइन हीच जातकुळी, पण लांबी दुपटीहून जास्त, आणि तेल ५० अंशांच्या वर ठेवायचं.

याचे दोन परिणाम हिशेबात लगेच उतरतात. पहिला, साध्या लाइनचा दर-किलोमीटर खर्च इथे लागू होत नाही. सुरुवातीचा अंदाज साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो पुढे पाच अब्जांच्या पलीकडे गेला. दुसरा परिणाम कमी बोलला जातो. तापती लाइन मनात येईल तेव्हा बंद ठेवता येत नाही. तेल आत थिजलं तर पुन्हा ढकलायला प्रचंड दाब लागतो, कधी जमतंच नाही. ती दुभत्या म्हशीसारखी आहे. दुधाचा भाव पडला म्हणून धार काढायची थांबवता येत नाही. तेलाचा भाव कोसळला की साध्या लाइनचा मालक काही महिने हात आखडता घेऊ शकतो, या लाइनच्या मालकाला ती सोय फारच थोडी. अहवालात ही जोखीम 'तांत्रिक' प्रकरणात असते, आर्थिक प्रकरणात नसते.

आता माप.

तोलायला बसलं की पहिला प्रश्न एकच: ही लाइन झाली नाही तर काय होईल? त्याचं उत्तर ठरलं की तेच उत्तर दोन्ही पारड्यांना लावायचं. सांगायला सोपं, पण इथेच सगळे घसरतात.

अमेरिकेतलं कीस्टोन एक्सएलचं प्रकरण बघा. कॅनडातल्या अल्बर्टाहून नेब्रास्कापर्यंत रोज ८,३०,००० पिंपं नेणारी लाइन. तिथल्या परराष्ट्र खात्यानं जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरणीय परिणामांचा अंतिम पूरक अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की लाइन झाली नाही तरी हे तेल रेल्वेनं किंवा दुसऱ्या वाटेनं बाहेर पडेलच, म्हणून लाइनमुळे तेल काढण्याच्या वेगावर फारसा फरक पडणार नाही. म्हणजे हवामानाच्या पारड्यात जवळजवळ शून्य. ठीक. पण त्याच अहवालात बांधकामाच्या काळात ४२,१०० नोकऱ्यांना आधार मिळेल, असंही होतं, आणि राजकारण्यांनी तोच आकडा घेऊन गावं पालथी घातली. अहो, तेल रेल्वेनं जाणारच असेल तर रेल्वेलाही माणसं लागतात, डबे लागतात, यार्ड बांधावी लागतात. तेव्हा लाइनच्या नावावर जमा करायचा तो फक्त फरक. एका पारड्यात 'तेल जाणारच होतं' आणि दुसऱ्यात 'हे सगळं लाइनमुळेच' हे चालत नाही.

जाता जाता, त्या ४२,१०० मधल्या प्रत्यक्ष बांधकामाच्या नोकऱ्या होत्या सुमारे ३,९०० माणूस-वर्षं (एक माणूस वर्षभर कामाला, ते एक). बाकीच्या ट्रक भरणाऱ्यापासून खानावळवाल्यापर्यंतच्या आधारित नोकऱ्या. आणि लाइन सुरू झाल्यावर उरणार होते साधारण ५० जण. यात फसवणूक काही नाही, पाइपलाइनचा स्वभावच तो. चर खणताना जत्रा, चर बुजल्यावर दोन ऑपरेटर आणि एक वॉचमन. नोकऱ्या हे पाइपलाइनच्या बाजूचं सगळ्यात लेचंपेचं कारण आहे. तरी जाहिरातीत तेच पहिलं असतं.

कीस्टोनच्या अहवालाचं भाकीत मात्र साफ चुकलं म्हणता येणार नाही. ओबामांनी २०१५ मध्ये परवाना नाकारला, ट्रम्पनी दिला, बायडेननी २० जानेवारी २०२१ ला काढून घेतला आणि जूनमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. अल्बर्टाचं तेल मात्र वाढतच राहिलं, दुसऱ्या लाइनी झाल्या. आणि 'लाइन नको' या पर्यायालाही रक्त लागतं हे विसरू नका. ६ जुलै २०१३ ला क्वेबेकमधल्या लॅक-मेगाँटिक गावात कच्च्या तेलाची मालगाडी घसरून पेटली, ४७ माणसं गेली.

युगांडाची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे, म्हणून ती शिकायला चांगली. तिथे लाइन नसेल तर तेल बाहेर पडणारच नाही. हिशेब करून बघा. २,४६,००० पिंपं म्हणजे ३ कोटी ९० लाख लिटर. चाळीस हजार लिटरचा मोठा टँकर धरला तरी रोज जवळपास हजार टँकर, तेही गरम ठेवलेले, चौदाशे किलोमीटर आणि परत. कोणी करणार नाही. तेव्हा इथे 'नाहीतरी तेल निघालंच असतं' हे वाक्य कोणालाही वापरता येत नाही. लाइन असेल तर तेल आहे, नसेल तर नाही. सगळा महसूल लाइनच्या नावावर, आणि त्या तेलाचा सगळा धूरही लाइनच्या नावावर.

प्रत्यक्षात काय झालं? आर्थिक बाजू मांडताना विहिरींपासून बंदरापर्यंत सगळं एकत्र धरलं गेलं: दहा अब्ज डॉलरच्या वरची गुंतवणूक, दोन देशांतल्या हजारो नोकऱ्या, पंचवीस वर्षांचा महसूल. पर्यावरण अहवालात मात्र लाइन एकटी. तिच्या बांधकामाचा आणि चालवण्याचा धूर मोजला, तेल जाळल्यावरचा नाही. अमेरिकेतल्या क्लायमेट अकाउंटेबिलिटी इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये पूर्ण साखळी धरली, तर २५ वर्षांत ३७.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन आलं, आणि कंपनीच्या अहवालात मोजलेला भाग त्याच्या १.८ टक्के निघाला. स्वतः ताळा करायचा असेल तर एक पिंप तेल जाळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड होतो एवढं लक्षात ठेवा. शिखराच्या वर्षांत रोजची २,४६,००० पिंपं म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या वर.

विरोधकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. धूर सगळ्या तेलाचा धरतात आणि लाभ मोजताना 'पाइपलाइनमध्ये कायमच्या नोकऱ्या किती थोड्या' एवढंच. शिवाय हे तेल आलं नाही तर जगात तेवढंच तेल कमी जळेल, असं गृहीत धरतात. तसं होत नाही. भाव किंचित चढतो, दुसरा कोणीतरी थोडं जास्त काढतो, कोणीतरी थोडं कमी वापरतो. खरा फरक शून्य आणि पूर्ण यांच्या मध्ये कुठेतरी असतो. प्रबंधात तो एकच आकडा म्हणून देऊ नका, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा म्हणून द्या, आणि महसुलालाही तसाच पट्टा लावा.

महसुलाचं पारडं उचलून बघू, कारण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. तेल वाहून नेण्याचं भाडं ठरलं पिंपामागे सुमारे १२.७७ डॉलर. पिंपाचा भाव १०० डॉलर असताना हे भाडं आठवा भाग होतं. भाव ६० असताना पाचवा. ४० ला आला तर जवळपास तिसरा भाग नळीतच जातो, आणि विहिरीचा खर्च, कर्जाचं व्याज, मेणचट तेलाला मिळणारा कमी भाव हे सगळं त्यानंतर. भाडं हलत नाही, भाव हलतो. आणि रॉयल्टी सोडली तर वाटणीच्या रांगेत सरकार खर्चवसुलीच्या मागे उभं असतं. म्हणजे भाव वीस टक्के पडला की सरकारचा वाटा वीस टक्क्यांनी घटत नाही, त्याच्या कितीतरी जास्त घटतो.

दुसरी गोष्ट शिखराची. २,४६,००० हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो लाइनच्या चांगल्या दिवसांचा. १.४ अब्ज पिंपांतलं एकूण एक वर आलं, तरी २५ वर्षांत भागलं की रोजची सरासरी दीड लाखाच्या आसपास बसते. तेलक्षेत्र पहिली काही वर्षं भरभरून देतं आणि मग उतरत जातं, तर नळीचा आणि तापवण्याचा खर्च तेवढाच राहतो. त्यात युगांडाला स्वतःचा शुद्धीकरण कारखाना हवा आहे, रोज ६०,००० पिंपांचा, आणि त्याचा तेलावर पहिला हक्क. देशासाठी ते कदाचित शहाणपणाचंच. पण तेच पिंप कारखान्याच्या अहवालातही जमा आणि पाइपलाइनच्या अहवालातही जमा, असं मी एकदा नव्हे अनेकदा पाहिलंय, आपल्याकडेही. दोन्ही अहवाल शेजारी ठेवा आणि पिंपं मोजा.

आता जमीन. आपल्याकडे १९६२ च्या कायद्यानं पाइपलाइनसाठी जमीन विकत घेत नाहीत, वापरहक्क घेतात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. त्याला बाजारभावाच्या दहा टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते, मग त्या पट्ट्यात विहीर नाही, बांधकाम नाही, झाड नाही. कागदावर सौदा सौम्य दिसतो. तरी एक प्रसंग सांगतो. नाशिक जिल्ह्यात एका डाळिंबाच्या बागेतून लाइन जात होती. पंचनाम्याला तलाठी, कंपनीचा माणूस, मी आणि बागेची मालकीण, सत्तरीच्या आजी. झाडं मोजली, वय लिहिलं, रक्कम सांगितली. आजी म्हणाल्या, "पैशाचं माझा लेक बघेल. तुम्ही एवढंच बघा, वरची माती वर आली पाहिजे नि खालची खाली." मी मान डोलावली. करारातही तसंच होतं: वरचा एक थर वेगळा काढायचा, वेगळा रचायचा, शेवटी वर पसरायचा. पण पाऊस तोंडावर आला, ठेकेदाराला घाई, दोन्ही ढिगारे एकात गेले आणि मुरूम वर आला. दोन वर्षांनी त्या बाजूला गेलो तेव्हा पट्ट्यावर कांदा लावलेला होता. बांधावरून लाइन डोळ्यांना दिसत होती, केसांत भांग पाडल्यासारखी: दोन्ही बाजूंना हिरवं, मधे पिवळं खुरटं. आमच्या अहवालात त्या गटापुढे लिहिलेलं होतं, 'जमीन पूर्ववत केली'. सही माझी होती.

युगांडा-टांझानियात पट्टा ३० मीटरचा, आणि जमीन सरळ घेतली. लाइन आणि तेलक्षेत्राचा तिलेंगा प्रकल्प मिळून १९,००० च्या आसपास कुटुंबांची थोडीफार जमीन गेली, त्यातल्या ७७५ कुटुंबांना राहतं घर सोडावं लागलं. चौदाशे किलोमीटरच्या मानानं विस्थापनाचा हा आकडा आटोक्यातला आहे, हे मान्य करायला हवं. तिथलं दुखणं वेगळं आहे आणि ते आकड्यात दिसत नाही. मोजणी आणि मूल्यांकन २०१८-१९ मध्ये झालं. त्याला एक शेवटची तारीख असते, त्यानंतर लावलेलं किंवा बांधलेलं भरपाईत धरत नाहीत. पैसे पुष्कळांना २०२१ पासून पुढे, काहींना २०२३ मध्ये मिळाले. मधली वर्षं? केळीची नवी बाग लावायची नाही, कॉफी लावायची नाही, घराला खोली जोडायची नाही. दरम्यान शेजारच्या जमिनीचा भाव चढलेला, म्हणजे आलेल्या पैशात तेवढी जमीन परत मिळत नाही. भरपाईच्या तक्त्यात झाडाला रकाना असतो, छपराला असतो, वाट बघण्याला नसतो. मी असतो तर एक अट घातली असती: भरपाईला लागणारी रक्कम कंपनीनं आधी बँकेत वेगळी ठेवल्याशिवाय मोजणीची खुंटी ठोकायची नाही. यानं प्रकल्प फारसा महाग होत नाही, फक्त क्रम बदलतो.

गळतीबद्दल लोक विचारतात, शक्यता किती? शक्यता कमीच असते. पण हा प्रश्न सरासरीचा नाही. २५ जुलै २०१० ला अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शल गावाजवळ एका लाइनला भेग पडली. कंट्रोल रूममध्ये घंटा वाजत होत्या. ऑपरेटरांना वाटलं, नळीत पोकळी झालीय, म्हणून त्यांनी पंप पुन्हा चालू केले, दोनदा. सतरा तास. शेवटी खबर दिली ती बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यानं फोन करून. तोपर्यंत तीस लाख लिटरच्या वर जड तेल ओढ्यातून कॅलामझू नदीत गेलं होतं, आणि त्यातलं बरंच तळाशी बसलं. साफसफाईचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. कीस्टोनच्या जुन्या, चालू लाइनवरही डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्ससमध्ये सुमारे १३,००० पिंपं सांडली, वेल्डमधल्या जुन्या दोषापायी. पुस्तकी सुरक्षा दोन्ही ठिकाणी होती.

कंट्रोल रूमची गळती शोधणारी यंत्रणा साधारण प्रवाहाच्या एक टक्क्याच्या खाली चाचपडते. २,४६,००० चा एक टक्का म्हणजे दिवसाला जवळपास अडीच हजार पिंपं. एवढी बारीक गळती पडद्यावर दिसेलच असं नाही, ती दिसते लाइनीवरून चालणाऱ्या माणसाला. म्हणून अहवालात संगणकाची वर्णनं वाचण्यापेक्षा गस्तीवर किती माणसं आणि त्यांना पगार कोण देणार, हे मी आधी बघतो. मेणचट तेलाचा एक फायदा इथे कबूल करतो: जमिनीवर सांडलं की ते थिजतं, पसरत नाही, फावड्यानं गोळा होतं. पण लाइनचा जवळपास एक तृतीयांश भाग व्हिक्टोरिया सरोवराच्या पाणलोटातून जातो आणि कागेरा नदी ओलांडतो. त्याच कागेरा भागात १० सप्टेंबर २०१६ ला ५.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथे दोन व्हॉल्व्हमधलं अंतर किती ठेवलं, यावर सगळं ठरतं. व्हॉल्व्ह जितके लांब, तितकं फुटल्यावर मधलं जास्त तेल बाहेर. हा असा एक आकडा आहे जो आर्थिक आणि पर्यावरणीय दोन्ही तक्त्यांत सारखाच बसतो, आणि तो कमी करायला पैसे लागतात, भाषणं नाही.

मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात विहिरींचे दहा चौथरे आहेत. "ते पाइपलाइनचा भाग नाहीत," असं उत्तर मिळतं. महसूल मोजताना ते भाग होते, तेव्हा इथेही आहेत. टांगाच्या किनाऱ्यावर प्रवाळ, खारफुटी आणि सीलाकँथ या पुरातन माशासाठी राखलेलं सागरी उद्यान आहे. त्याच किनाऱ्यावर जहाजं भरण्याचा धक्का. याची किंमत पैशात करायच्या भानगडीत पडू नका. करणारे करतात, आणि कोणत्याही बाजूला हवा तो आकडा काढून देतात. सरळ लिहा की हे गेलं तर परत येत नाही, आणि त्यासाठी वेगळी जागा होती का, तिचा जादा खर्च किती, एवढंच तपासा.

एक मजेदार वळण या प्रकरणात आलं, ते जरूर लिहा. मानवी हक्क आणि पर्यावरणाच्या मुद्द्यांवर सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संसदेनं ठराव केला, युगांडा चिडला, ठरावाचा थेट परिणाम शून्य. पण तोवर एकामागून एक मोठ्या बँका बाजूला झाल्या होत्या, २०२३ मध्ये स्टँडर्ड चार्टर्डही. बाहेरच्या कर्जाचा पहिला हप्ता जुळायला मार्च २०२५ उजाडलं, तोही आफ्रिकन आणि इस्लामी वित्तसंस्थांकडून. मधल्या काळात भागीदारांना स्वतःच्या खिशातून जास्त पैसे ओतावे लागले, आणि त्या भागीदारांत दोन गरीब देशांच्या सरकारी कंपन्या आहेत. पर्यावरणाच्या पारड्यात ज्याला कोणी वजन दिलं नाही, ते उशिराचं आणि महागड्या भांडवलाचं रूप घेऊन दुसऱ्या पारड्यात येऊन बसलं.

माझं मत विचाराल तर, २०१० मध्ये मी या लाइनला हो म्हटलं असतं, उद्यानातले चौथरे वगळून. ज्या देशाचं दरडोई उत्सर्जन नगण्य आहे, त्यानं जमिनीतलं तेल काढू नये, हे शंभर वर्षं तेल जाळलेल्या युरोपनं सांगावं याचा मलाही राग येतो. पण २०२२ मध्ये, वाढलेला खर्च, ठरलेलं भाडं आणि तेल सापडल्यावर जवळपास वीस वर्षांनी सुरू होणारी कमाई बघून, मी त्या अटींवर सही केली नसती. तेल काढण्याचा हक्क युगांडाचा होताच, पण या कागदावर भाव पडण्याची जोखीम युगांडानं घेतली आणि भाड्याची हमी लाइनला मिळाली. कोणी वेगळ्या भावाचा अंदाज धरून उलट मत मांडेल, आणि ते चूक ठरणार नाही. फक्त त्यानं भाव कोणता धरला ते पहिल्या पानावर लिहावं.

तुमच्या प्रबंधासाठी दोन ताव घ्या. एकावर 'लाइन आहे', दुसऱ्यावर 'लाइन नाही'. प्रत्येक ओळ दोन्ही तावांवर आली पाहिजे, एकावर असून दुसऱ्यावर नाही असं नको. 'लाइन नाही'च्या तावावर शून्य लिहून मोकळ्या होऊ नका. तिथेही युगांडा इंधन आयात करतोच, शेतकरी केळी लावतोच. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: कोणत्या वर्षी, आणि कोणाला. तेलाचा भाव ४०, ६०, ८० असा तीनदा चालवा. पंचवीस वर्षांनी नळी रिकामी करून धुवायचा, बंद करायचा खर्च कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षापासून साठवला जातोय, त्याची ओळ घाला; बहुतेक अहवालांत ती शेवटच्या परिशिष्टात सापडेल.

मसुदा झाला की दाखवा. 'कोणाला' या रकान्यात 'देशाला' असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच लाल रेघ मारीन. जिल्हा लिहा, सरकारचं खातं लिहा, नाहीतर घर लिहा.